उंदराच्या पोटातली गाठ बाहेरून दिसते, मग दर आठवड्याला उंदीर कापायचे कशाला?

खेकडा (धागाकर्ता)

परवा जेवताना आत्याने विचारलं, "तू अजून उंदीर कापतोस का रे?" मी म्हटलं कापतो, पण आधीपेक्षा खूप कमी. तिने वरणभात तसाच ठेवला आणि उठली. तिला जे सांगायचं राहिलं ते इथे टाकतो, पटलं नाही तर खुशाल झोडपा.

पावसाच्या तोंडावर भंडारदरा-पुरुषवाडीकडे काजवे बघायला गेला असाल. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम ते ऑक्सिजन आणि एटीपी (पेशीचं इंधन) वापरून जाळतं आणि उजेड पडतो. एका अमेरिकन काजव्याचं हे जनुक १९८५ साली वेगळं काढलं गेलं. आम्ही ते कॅन्सरच्या पेशींत घालतो, त्या पेशी उंदरात सोडतो, आणि आठवड्यातून एकदा उंदराला ल्युसिफेरिन टोचून दहा-पंधरा मिनिटं थांबतो. मग भुलीच्या वाफेवर झोपवून काळ्याकुट्ट पेटीत ठेवायचं, वर उणे ९० डिग्रीला गार केलेला कॅमेरा. डोळ्याला काही म्हणजे काही दिसत नाही, पण स्क्रीनवर उंदराच्या राखाडी फोटोवर लाल-निळा डाग उमटतो. एटीपी लागतं म्हणून मेलेली पेशी चमकत नाही, जिवंत आहे तीच चमकते.

आता हिशोब बघा. तीन गट, गटात ८ उंदीर, पाच वेळा बघायचं. जुन्या पद्धतीत दर वेळी वेगळे उंदीर मारून उघडायचे, म्हणजे १२०. इथे तेच २४ उंदीर शेवटपर्यंत. माझं म्हणणं एवढंच की लिव्हर, फुफ्फुस, मेंदू, हाड असा आतला ट्यूमर असेल तर इमेजिंग (असं न कापता बाहेरून फोटो काढून बघणं) नसलेल्या प्रयोगाला एथिक्स कमिटीने परवानगीच देऊ नये.

ढोरडॉक्टर

असहमत. पेशाने जनावरांचा डॉक्टर आहे आणि अशा एका कमिटीवर बसलोय, तेव्हा दोन शब्द.

१२० चे २४ झाले, छान. पण त्या २४ चं काय? समजा सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा बघितलं, म्हणजे बारा वेळा भूल, बारा वेळा पोटात सुई, आणि वर अंगात वाढणारी गाठ. जुन्या पद्धतीतला उंदीर दुसऱ्या आठवड्यात सुटायचा तरी. रसेल आणि बर्च यांनी १९५९ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी तीन आर सांगितले (प्राण्यांऐवजी दुसरं काही वापरा, संख्या कमी करा, त्रास कमी करा), त्यातला संख्या कमी करा हा एकच सगळ्यांना पाठ असतो कारण तो फॉर्म बी मध्ये (कमिटीकडे द्यायचा परवानगीचा अर्ज) आकड्यात लिहिता येतो. त्रास कमी करा हा आकड्यात मावत नाही म्हणून मागे पडतो.

आणि माणसाचा स्वभाव. डाग मस्त वाढतोय, कर्व्ह सुंदर येतोय, अजून एक आठवडा बघू की! हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, उंदीर पाठीला पोक काढून कोपऱ्यात बसलेला असताना.

मोजपट्टी

मला वेगळीच अडचण आहे. तुम्ही उजेड मोजताय, गाठ नाही.

ऑक्सिजन लागतो ना? गाठ मोठी झाली की मधे रक्त पोचत नाही, आतला भाग गुदमरतो, सडतो. कॅलिपर (बाहेरून लांबी-रुंदी मोजायचा चिमटा) लावला तर गाठ वाढलेली (लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन, शाळकरी गणित), आणि उजेड म्हणतो जैसे थे. मग औषध लागू पडलं म्हणायचं का? शिवाय रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा-पिवळा उजेड गिळून टाकतं, बाहेर येतो तो बहुतेक लाल. एक सेंटीमीटर मांस ओलांडताना उजेड साधारण दहापट घटतो. चामडीखालच्या हजार पेशी आणि फुफ्फुसातल्या हजार पेशी सारख्या दिसणारच नाहीत.

आता माझीच फजिती. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला उपचारवाल्या गटातल्या एका उंदराचा सिग्नल एकदम दणकून पडला. मी सरांना मेसेज केला, लॅबमध्ये चहा-बिस्किटं झाली, आणि पुढच्या आठवड्यात तोच उंदीर दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा पेटला. झालं काय होतं, तर आदल्या वेळी सुई आतड्यात गेली होती, ल्युसिफेरिन रक्तात पोचलंच नव्हतं. लेबल लावायला पेनाने शेपटीवर दोन रेघा मारतो तसल्या कामात आम्ही हुशार, पण सुई कुठे गेली ते कळायला आठवडा लागला.

खेकडा

@मोजपट्टी, सुईचा किस्सा आमच्याकडेही झालाय, आता आम्ही दर दोन-तीन मिनिटांनी फोटो घेत राहतो आणि उजेड चढून माथ्यावर येतो का ते बघतो, चढलाच नाही तर त्या दिवसाचा आकडा धरत नाही. गाठ किती खोल आहे त्याचं म्हणाल तर एका उंदराची तुलना दुसऱ्याशी करायचीच कशाला, त्याची त्याच्याच मागच्या आठवड्याशी करा ना, गाठ जागा बदलत नाही. आणि जपानी लोकांनी २०१८ मध्ये एन्झाइम आणि द्रव्य दोन्ही बदलून जास्त लाल उजेड देणारी जोडी काढलीये, मार्मोसेट माकडाच्या मेंदूतून उजेड बाहेर दिसला त्यात. कॅलिपर चामडीखाली ठीक आहे हो, लिव्हरमधल्या गाठीला कुठून लावणार?

@ढोरडॉक्टर, उलट बघा. मेंदूत ट्यूमर असलेला उंदीर बाहेरून ठणठणीत दिसतो आणि एका रात्रीत आडवा होतो. उजेडावरून आम्हाला चार-पाच दिवस आधी कळतं की हा आता जाणार, त्याला त्रास सुरू व्हायच्या आधीच शांतपणे झोपवता येतं. इमेजिंग नसतं तर सकाळी पिंजऱ्यात मेलेला सापडला असता.

पिंजऱ्यापलीकडे

सगळेच मुद्दा सोडून बोलताय. २४ की १२० हा प्रश्नच कशाला, शून्य का नाही? अमेरिकेने २०२२ च्या शेवटी कायदा बदलला, औषधाच्या मंजुरीआधी प्राण्यांवर चाचणी केलीच पाहिजे ही सक्ती काढली. आपल्याकडेही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन पेशी, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले छोटे अवयव), चिप (पेशी वाढवलेली अवयवाची छोटी नक्कल) वगैरेंना जागा मिळाली. आणि तुम्ही काजव्याचा दिवा लावून पिंजरा सजवताय. कापणं दिसत नाही म्हणून मनाला बरं वाटतं, बाकी काही नाही.

कोकणी_वाघीण

@पिंजऱ्यापलीकडे ताई/दादा, माझ्या आईची केमोची चौथी सायकल चालू आहे. तिचं औषध कधीतरी उंदरात गेलंच असणार. मला उंदरांची दया येते, खोटं नाही बोलत, पण शून्य म्हणायला माझी जीभ उचलत नाही. एवढंच. वाद घालायला नाही आले.

पिंजऱ्यापलीकडे

आईंना लवकर बरं वाटो, मनापासून. तुमच्यावर रोख नव्हता.

मोजपट्टी

चिपवर पसरलेला कॅन्सर अजून नीट उभा राहत नाही. आतड्यातून निघून लिव्हरमध्ये रुजणं, मधे रक्त, मधे इम्यून सिस्टीम, हे सगळं एका काचेच्या तुकड्यात आणणार कसं? पण @खेकडा, तुझ्या उंदरात तरी इम्यून सिस्टीम कुठे आहे? न्यूड उंदीर घेतोस ना, थायमस (प्रतिकार करणाऱ्या पेशी तयार होतात ती ग्रंथी) नसलेला? धडधाकट उंदरात हे काजव्याचं एन्झाइमच परकं ठरू शकतं, शरीर त्या चमकणाऱ्या पेशींवर हल्ला करतं. म्हणजे इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारा उपचार) तपासायची तर तुझा दिवाच निकालात ढवळाढवळ करतो. त्यात बरेचसे धडधाकट उंदीर काळे, केस आणि मेलॅनिन उजेड खातात, पाठ भादरली की नवे केस उगवताना कातडीवर काळे पट्टे येतात आणि ट्यूमर अर्धा झाकला जातो.

खेकडा

हा मुद्दा बरोबर आहे, मान्य. त्यासाठी न्यूड चालत नाहीत हेही मान्य. सक्तीचं वाक्य थोडं मागे घेतो, निदान इम्युनोथेरपीपुरतं.

लसूणघास

अवांतर: काजवा सोडून फ्लुरोसन्सवाले (बाहेरून उजेड टाकून डाय चमकवणारे) आहेत का कुणी? आमच्याकडे सगळ्या उंदरांच्या पोटात डाग दिसायला लागले, कंट्रोलच्या (तुलनेसाठी ठेवलेल्या) सुद्धा. दोन आठवडे डाय बदलून बघितली, फिल्टर बदलले, शेवटी कळलं की खाद्यात लसूणघास होता, त्यातलं क्लोरोफिल चमकतंय! त्या दिवसापासून माझं हे नाव.

मोजपट्टी

@लसूणघास 😂 बिनघासाचं खाद्य मागवा, मिळतं.

ढोरडॉक्टर

@खेकडा, मेंदूच्या ट्यूमरचं तुझं उदाहरण पटलं, खोटं कशाला बोलू. पण मग असं कर. उजेड किती झाला की उंदीर झोपवायचा तो आकडा प्रयोगाच्या आधी कागदावर लिही, आणि भूल जास्तीत जास्त किती वेळा तेही. आकडा गाठला की फोटो कितीही सुंदर येत असो, थांबायचं. असा फॉर्म माझ्या टेबलावर आला तर मी सही करीन. नुसतं "इमेजिंगमुळे संख्या कमी होईल" या एका ओळीवर नाही करणार.

आणि संख्या खरंच कमी होते का हेही बघ जरा. मशीन आलं की पूर्वी जे प्रयोग झेपत नव्हते ते पण सुरू होतात. एकेका प्रयोगात उंदीर कमी, पण प्रयोगच तिप्पट.

खेकडा

शेवटचं लागलं. आमच्याकडचं रजिस्टर काढून बघतो, मशीन येण्याआधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक. आकडे इथेच टाकतो, वाईट निघाले तरी.

मोजपट्टी

टाकशील तेव्हा फोटोही टाक, पण सगळे एकाच कलर स्केलवर. सॉफ्टवेअर आपोआप स्केल लावतं आणि पहिल्या आठवड्याचा मिणमिणता डागही सहाव्यासारखा लालभडक दिसतो, अर्धी प्रेझेंटेशनं त्यावरच चालतात.