क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे किडनी ठीक, असं नाही

ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. ‘क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) ०.८ आहे, म्हणजे ल्युपस किडनीपर्यंत पोचलेला नाही’ असं काहीजण म्हणतात, ते पटलं नाही. क्रिएटिनिन चढतं ते बहुतेकदा बरंच नुकसान झाल्यावर. त्याआधीच लघवीतून प्रथिनं आणि लाल पेशी जायला लागतात. माझ्या मावसबहिणीचं क्रिएटिनिन नॉर्मलच होतं, पण लघवीला फेस यायचा, सकाळी पापण्या सुजायच्या. बायोप्सीत (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासतात त्यात) क्लास ४, म्हणजे ल्युपसमुळे किडनीला होणाऱ्या इजेचा एक गंभीर प्रकार, निघाला. साधारण दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर प्रोटीन जात असेल तर बायोप्सीचा विचार करतात, आणि बरीचशी औषधं क्लासवर ठरतात.

आणि दर तीन महिन्यांनी एएनए (ल्युपसच्या निदानासाठी करतात ती रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी) करा असं काहीजण सुचवतात, ते कशाला? एकदा पॉझिटिव्ह आल्यावर त्यावरून आजाराचा जोर कळत नाही, पैसे मात्र जातात. जोर कळायला अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची अँटिबॉडी) आणि सी३, सी४ (कॉम्प्लिमेंट, म्हणजे प्रतिकारशक्तीची रक्तातली प्रथिनं) बघतात. ही अँटिबॉडी डीएनएला चिकटून त्यांची जोडगोळी किडनीच्या गाळण्यांत साठते, तिथे कॉम्प्लिमेंट खर्ची पडतं, म्हणून सी३-सी४ घसरतात. अर्थात हे आकडे बिघडूनही काहींची किडनी शांत असते, त्यामुळे दर भेटीला लघवीची तपासणी हवीच.