लग्नाच्या विनोदी चित्रपटांचा शेवट ठाऊक असूनही ते पुन्हा का पाहिले जातात?

प्रश्न (लातूर)
दिवाळीत घरातील तीन पिढ्या मिळून १९८४ सालचा 'नवरी मिळे नवऱ्याला' पाहत होतो. आईला एकेक प्रसंग पाठ असूनही ती तो येण्याआधीच हसू लागत होती. शेवटी लग्न लागणार हे अशा चित्रपटांत आरंभीच कळते. मग प्रेक्षक पुन्हा पुन्हा काय पाहतो? गाणी आणि साड्या, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
शेवट ठाऊक असतो म्हणूनच तर नवरा-नवरीची काळजी उरत नाही आणि सारे लक्ष वऱ्हाडाकडे जाते. मुहूर्ताची घटिका ठरलेली, आणि एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे भाऊबंद एका मांडवात कोंडलेले. लेखकाला याहून आयते काय हवे? आमच्या मामेबहिणीच्या लग्नात अक्षतांची रंगवलेली ज्वारी मुठीत भिजून हात लाल झाले, तरी माइकवरील गृहस्थ पुढाऱ्यांची नावे घेणे थांबवीनात. मुहूर्त टळला तो टळलाच, वर थोरल्या आत्यांच्या यजमानांचे नाव राहिले, म्हणून ते टॉवेल-टोपी न घेता जीपमध्ये जाऊन बसले, आणि त्यांची समजूत घालायला गेलेले त्यांचे व्याहीही, आपलेही नाव राहिल्याचे आठवून, त्यांच्याशेजारीच बसून राहिले.

लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्री प्रयोगात नेमके हेच हेरले होते. मंचावर एकटा माणूस, पात्रे ५२, आणि बोली आपल्या मराठवाड्याची. तो चित्रपट नव्हे हे खरे, पण त्यातील वधू-वर किती जणांना आठवतात? वऱ्हाडी मात्र सर्वांना आठवतात.

उत्तर (बीड)
वरील विवेचन पटले, परंतु त्यात पैसा कुठेच नाही. 'लग्न पाहावे करून' हा मास्टर विनायक यांचा चित्रपट १९४० सालचा, कथा चिं. वि. जोशी यांची, त्याचे नाव ज्या म्हणीवरून आले, ती म्हण मुळात खर्चाची आहे, कारण तिच्या जोडीला 'घर पाहावे बांधून' येते. आमच्याकडे सोयाबीन हातचे गेलेल्या वर्षीही मंडप, आचारी आणि बँड यांचा हिशेब चुकत नाही. पडद्यावरील वधूपित्याची तारांबळ पाहून मागच्या रांगेतील ज्या बापाला सर्वांत मोठ्याने हसू येते, त्याने बहुधा नुकतेच देणे फेडलेले असते. अलीकडील कित्येक चित्रपटांत लग्न एखाद्या राजवाड्यात होते आणि पैसे कोण देतो हा प्रश्नच उद्भवत नाही; तिथे मला हसू येत नाही.

उत्तर (नांदेड)
बीडकरांचा मुद्दा खरा असला, तरी विनोदाला हिशेबाचा आधार लागतोच असे नाही. 'माय बिग फॅट ग्रीक वेडिंग' हा २००२ सालचा चित्रपट सुमारे ५० लाख डॉलरमध्ये तयार झाला आणि त्याने जगभरात ३६ कोटींहून अधिक डॉलर मिळवले. ग्रीक माणूस मी आयुष्यात पाहिलेला नाही. पण प्रत्येक दुखण्यावर काच पुसण्याचा फवारा मारणारा त्यातील वधूपिता पाहिल्याबरोबर मला प्रत्येक दुखण्यावर ओवा चघळायला लावणारे आमचे काका आठवले.

साड्यांचे म्हणाल, तर वहिनींचे मत इतक्या सहज बाजूला सारू नका. आमच्या घरी चित्रपट मध्येच थांबवून काठ पाहिले जातात.