मातीची जाड भिंत आणि दक्षिणेकडे काच: हिशेब बरोबर आहे का?

प्रश्न
सुमारे ४०° उत्तर अक्षांशावर, कडक थंडीच्या जागी आम्ही नैसर्गिक साहित्याचे घर बांधणार आहोत. बाहेरच्या भिंती ४५ सेंटीमीटर जाडीच्या मातीच्या आणि दक्षिणेची जवळजवळ सगळी बाजू काचेची, असा आराखडा आहे. जाड मातीच्या भरवशावर हीटर अगदी लहान घ्यावा म्हणतो. हे बरोबर ठरेल का, आणि छज्जा किती बाहेर काढावा?

पहिले उत्तर
उष्णता साठवणे आणि उष्णता अडवणे ही दोन वेगळी कामे आपण एकाच भिंतीवर सोपवली आहेत. पहिल्या कामात माती तरबेज आहे, दुसऱ्यात अगदी कच्ची. दिवस तापतो आणि रात्र गार होते अशा हवेत मातीची भिंत दिवसाची ऊब काही तासांनी आत पोचवते. पण बाहेर आठवडेच्या आठवडे पाणी गोठत असेल, तर घरातली ऊब तिच्यातून बाहेरच झिरपत राहते, फक्त जरा उशिराने. पेंढ्याच्या दाबलेल्या गासड्या उष्णता अडवण्यात मातीपेक्षा दहापटीहून अधिक सरस असतात. म्हणून बाहेरच्या भिंती गासड्यांच्या करून त्यांना आतून मातीचा जाड गिलावा द्यावा, आणि खरी माती घराच्या पोटात, म्हणजे ऊन पडते त्या जमिनीत आणि मधल्या भिंतीत घालावी. एका दिवसाच्या चक्रात वरचा सुमारे १० सेंटीमीटरचा थरच काम करत असल्याने जाडीपेक्षा क्षेत्रफळ वाढवणे फायद्याचे. (पुढे त्या जमिनीवर गालिचा अंथरला, की सगळे मुसळ केरात.) काचही कमी करा, साठवणीच्या मानाने ती जास्त झाली, तर घर दुपारी भट्टी आणि पहाटे बर्फ होते.

दुसरे उत्तर
छज्ज्याचे गणित सोपे आहे. आपल्या अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य २१ जूनला क्षितिजापासून ७३.५° वर, तर २१ डिसेंबरला २६.५° वर असतो. त्यामुळे ६० सेंटीमीटरच्या छज्ज्याची सावली जूनमध्ये सुमारे २ मीटर खाली येते आणि डिसेंबरमध्ये अवघी ३० सेंटीमीटर. छज्ज्याखाली ३० सेंटीमीटर सोडून खिडकी सुरू केली, की हिवाळ्यातले ऊन पूर्ण आत येते.

खरी अडचण मार्च आणि सप्टेंबरची आहे. संपातदिनी दोन्ही महिन्यांत सूर्य सारख्याच उंचीवर असतो, पण मार्चमध्ये ऊन हवेसे वाटते आणि सप्टेंबरमध्ये नकोसे, आणि पक्क्या छज्ज्याला हा फरक कळत नाही. मांडवावर चढवलेल्या पानगळीच्या वेलीला मात्र तो कळतो. पश्चिमेच्या खिडक्या लहान ठेवाव्यात, कारण तिथले कलते ऊन कोणताही छज्जा अडवत नाही.

तिसरे उत्तर
गासड्या घेणार असाल, तर बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. गवंड्याच्या आग्रहाने मी तो करून घेतला होता. दोन पावसाळ्यांनंतर खिडकीखालचा एक तुकडा फोडला, तेव्हा आतला पेंढा काळा पडून बोटांनी चुरगळत होता. बारीक भेगेतून आत शिरलेल्या पाण्याला परत बाहेर पडायला वाटच नव्हती. आता तिथे चुन्याचा गिलावा आहे, वळचण रुंद केली आहे आणि खिडकीखालच्या दगडी पट्टीला बाहेर उतार देऊन खालून पागोळीची खाचही काढली आहे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आराखडा बदलतो, ठोकलेल्या मातीची एकच भिंत, तीही खिडकीसमोर, घराच्या मध्यभागी.