खातं बदललंय असा खोटा मेल आला, थोडक्यात वाचलो. ऑफिससाठी काय काय करू? सुचवा

हिशेबनीस:
मंडळी, वीस-पंचवीस जणांचं ऑफिस आहे, वेगळा आयटीवाला कोणी नाही, प्रिंटरपासून वायफायपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. परवा नेहमीच्या सप्लायरच्या नावाने मेल आला की आमचं बँक खातं बदललंय, हे बिल नव्या खात्यात टाका. मेल जुन्या चर्चेच्या खालीच आलेला, बिल नंबर बरोबर, रक्कम बरोबर, खालची सहीसुद्धा तीच. पेमेंट सुटणारच होतं, तेवढ्यात सप्लायरचाच भलत्या कामासाठी फोन आला म्हणून वाचलो. साहेब म्हणतात चांगलं अँटीव्हायरस घे आणि सगळ्यांचं एक ट्रेनिंग उरकून टाक. एवढ्यावर भागेल का? बजेट बेताचंच आहे.

टाचणी:
अँटीव्हायरस काय करणार, मेलमध्ये व्हायरस नव्हताच ना. जुन्या चर्चेतच मेल आला म्हणजे बहुतेक सप्लायरचा मेलबॉक्स फुटलाय आणि चोर आत बसून निवांत बिलं वाचतोय. त्यांना आधी कळवा, पण फोनवर, मेल केलात तर तो चोरच वाचेल. आणि नुसता पासवर्ड बदलून थांबू नका म्हणावं, सगळीकडून लॉगआउट करा आणि फॉरवर्डिंगचे रूल बघा, 'बिल', 'पेमेंट' असे शब्द आले की मेल गुपचूप बाहेर जाईल असा रूल हे लोक लावून ठेवतात, पासवर्ड बदलला तरी तो तसाच राहतो.
तुमच्या बाजूने नियम एकच. खातं बदलायचं म्हटलं की आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन, मेलमधल्या नंबरवर नाही. 2013 ते 2015 मध्ये लिथुएनियाच्या एका माणसाने हार्डवेअर सप्लायरचं नाव लावून गूगल आणि फेसबुककडून खोट्या बिलांवर 10 कोटी डॉलरच्या वर काढले. त्यांच्याकडे काय अँटीव्हायरस नव्हतं?

हिशेबनीस:
पटलं. पण साहेबच घाईत 'आत्ताच्या आत्ता कर' म्हणाले तर?

निवांत:
मग तो नियम साहेबांकडूनच लेखी घ्या, त्यात 'मी स्वतः सांगितलं तरी' हे शब्द हवेतच. आवाज-चेहऱ्याचाही भरवसा राहिला नाही आता. अरुप या ब्रिटिश इंजिनिअरिंग कंपनीच्या हाँगकाँग ऑफिसातल्या माणसाला व्हिडिओ कॉलवर सीएफओ (पैशांचे मुख्य साहेब) आणि बाकीचे सहकारी दिसले, सगळे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे चेहरे-आवाज, 20 कोटी हाँगकाँग डॉलर गेले. 2024 मध्ये बाहेर आलं ते प्रकरण.

कुलूपकिल्ली:
लॉगिनचंही बघा. ओटीपी लावला म्हणजे झालं असं नाही, खोट्या पानावर पासवर्ड टाकणारा माणूस त्याच पानावर ओटीपीही टाकतो. पासकी (पासवर्डऐवजी फोन-कॉम्प्युटरमध्ये साठवलेली डिजिटल किल्ली) किंवा हार्डवेअर की (तशीच किल्ली, पण पेनड्राइव्हसारख्या छोट्या वस्तूत) खऱ्या साइटशीच बांधलेली असते, खोट्या पानावर ती चालतच नाही. 2022 मध्ये ट्विलिओ आणि क्लाउडफ्लेअर या दोन टेक कंपन्यांच्या लोकांना खोटे एसएमएस गेले, पासवर्ड दोन्हीकडे काही जणांनी टाकले, पण क्लाउडफ्लेअरमध्ये हार्डवेअर की सक्तीची होती म्हणून चोर आत शिरू शकले नाहीत, ट्विलिओचा डेटा गेला. हार्डवेअर की सगळ्यांना एकदम नको, आधी अकाउंट्स, साहेब आणि अ‍ॅडमिन. डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यातल्या @ नंतरच्या नावावरून, आलाय का ते तपासायची सेटिंग) पण लावा, फुकट आहे, पण तुमच्याच डोमेनच्या नावाने कोणी मेल पाठवण्याला त्याने आळा बसतो, मिळतंजुळतं डोमेन घेतलं तर त्याचा उपयोग नाही.

टाचणी:
आणि ट्रेनिंग घ्याच, पण चुकून क्लिक करणाऱ्याला सगळ्यांसमोर झापू नका. आमच्या आधीच्या ऑफिसात तेच केलं, पुढच्या वेळी पोरगं तीन दिवस गप्प बसलं आणि तोवर मेलबॉक्स कधीच रिकामा झाला होता.

निवांत:
+१. सोडून गेलेल्यांची खाती आजच बंद करा, आणि ज्यांचं काम नाही ते ग्राहकांचे जुने आयडी प्रूफ उडवा. नसलेला डेटा कोण चोरणार.

हिशेबनीस:
अपडेट: सप्लायरला फोन केला, त्यांच्याकडे खरंच दोन रूल निघाले, त्यातला एक चार महिन्यांपूर्वीचा! साहेबांनी 'मी स्वतः सांगितलं तरी' वर कुरकुरत का होईना सही केली. आता हार्डवेअर की कोणती घेऊ ते सांगा, आणि माणशी एक पुरते का दोन? आमच्याकडे पेनड्राइव्हसुद्धा आठवडाभर टिकत नाही.

कुलूपकिल्ली:
दोनच. दुसरी कपाटात, कुलपात.