बाबांच्या फाईलवर डीएनआर आहे, मग बाकीचे उपचारही थांबतात का? मदत हवी आहे

बाबांना (वय ७४) परवा पहाटे ब्रेन हॅमरेज झालं. उजवी बाजू लुळी पडलीय, बोलणं गेलंय. आयसीयूत घेतल्यावर दोन-तीन तासांतच ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन विचारलं, हृदय बंद पडलं तर छाती दाबून, शॉक देऊन प्रयत्न करायचे का? दादा रात्रभर जागा, घाबरलेला. "मला नळ्यांवर ठेवू नका" हे बाबांचं नेहमीचं बोलणं त्याला आठवलं आणि त्याने 'नको' म्हणून डीएनआरवर (डू नॉट रिससिटेट) सही केली. त्याला दोष देत नाहीये. मी तिथे असते तर मीही केली असती.

पण काल मी नर्सना विचारलं, गिळण्याची तपासणी कधी, फिजिओ कधी येणार? त्या म्हणाल्या, "पेशंट डीएनआर आहे ना?" आणि पुढच्या बेडकडे गेल्या. तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आलाय. डीएनआर म्हणजे हृदय किंवा श्वास थांबला तर सीपीआर (छाती दाबून, श्वास देऊन जगवण्याचा प्रयत्न) नको, एवढंच ना?

आज सकाळी बाबांच्या डाव्या हातात बोट दिलं. "बाबा, दाबा" म्हटलं, त्यांनी दाबलं. "सोडा" म्हटल्यावर सोडलं. दोनदा.

सही बदलता येते का? मोठ्या डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

प्रतिसाद:
ताई, मी न्यूरो आयसीयूत काम करतो. तुम्ही म्हणता तेच बरोबर आहे. डीएनआरचा अर्थ फक्त सीपीआर नको. बीपी आटोक्यात ठेवणं, गिळण्याची तपासणी, नळीतून आहार, कूस बदलणं, फिजिओ, न्यूमोनिया झाला तर अँटिबायोटिक, हे सगळं चालूच राहायला हवं. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने पाणीसुद्धा देऊ नका, ते फुप्फुसात जाऊ शकतं.

हॅमरेजमध्ये पहिल्या काही तासांतले अंदाज बरेचदा चुकतात. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की पेशंटचा आधीपासून डीएनआर नसेल तर नवा निर्णय किमान दुसरा पूर्ण दिवस होईपर्यंत घेऊ नये. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या हॉस्पिटलांचा एक अभ्यास आला होता. जिथे पहिल्या २४ तासांत डीएनआर जास्त लिहिले जात, तिथे हॅमरेजचे पेशंट दगावण्याचं प्रमाणही जास्त होतं, तब्येतीतला फरक हिशेबात धरूनसुद्धा. पेशंट वाचणार नाही असं धरून हात आखडला, की तो अंदाज खरा ठरतोच.

तब्येत बदलली की फेरविचार मागता येतो. बोट दाबल्याचं डॉक्टरांना जरूर सांगा, सूचना समजतेय ही मोठी गोष्ट आहे. डीएनआर ठेवायचाच ठरला तर फाईलवर स्पष्ट लिहून घ्या: सीपीआर नको, बाकी पूर्ण उपचार.

धागाकर्ती:
मनापासून आभार. दादाला हे वाचून दाखवलं, तो खूप रडला. संध्याकाळी दोघं डॉक्टरांना भेटलो. सीपीआर नको हे तसंच ठेवलंय, खाली 'बाकी पूर्ण उपचार' लिहून घेतलं. गिळण्याची तपासणी उद्या सकाळी आहे. ती जमली नाही तर नाकातली नळी साधारण किती दिवस ठेवतात?