‘शाश्वत ऊर्जा’तल्या ‘शाश्वत’ला आपल्याकडे काय म्हणतात?

विचारणा (मौदा तालुका)
मुलीला शाळेत ‘शाश्वत ऊर्जा आणि हरित शहर’ यावर निबंध लिहायचा आहे. तिनं आजीला विचारलं, शाश्वत म्हणजे काय? आजी म्हणाली, “जे कधी मरत नाही ते. देव, आत्मा.” मग वीज शाश्वत कशी, या प्रश्नावर मीही अडलो. शब्दकोशही आजीच्याच बाजूनं आहे: नित्य, अखंड. शाळेत मात्र ‘शाश्वत’ हा इंग्रजी ‘सस्टेनेबल’साठी वापरतात, म्हणजे पुढेही पुरेल असं जपून वापरणं. तो अर्थ यात कुठेच येत नाही. बोलण्यात दुसरा शब्द आहे का?

उत्तर (दारव्ह्याकडून)
टिकाऊ म्हणा, भाऊ.

उत्तर (आर्वीकडून)
टिकाऊ मला पटत नाही. टिकाऊ चप्पल असते, बादली असते. तो वस्तूचा गुण झाला. इथे गुण वापरणाऱ्याचा हवा. माझी आई म्हणायची, ‘पुरवून वापर.’ उन्हाळ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून आणल्या की गोठ्यामागे गंजी लागायची. मृग लागला की आई रोज सकाळी एकच पेंढी काढायची, मोठ्या काड्या खाली आणि बारीक वर रचून चूल पेटवायची. पाहुणे आले की दुसरी पेंढी, आणि मग दुसऱ्या दिवशी भाकरी-भाजी एकाच जाळावर. गंजी दिवाळीपर्यंत पुरली पाहिजे, हा हिशोब तिच्या हातात होता. ‘शाश्वत’ला शेवटच नसतो. ‘पुरवून’ म्हटलं की कुठवर पुरायचं हे आधी ठरवावं लागतं. मला तो शब्द म्हणूनच मोलाचा वाटतो.

जाता जाता: शहरात इंधन म्हणजे पेट्रोल-डिझेल. आमच्याकडे बाई ‘इंधनाले गेली’ म्हणजे काड्या वेचायला गेली. मूळ अर्थाला हेच जवळचं आहे. संस्कृतात इन्ध् म्हणजे पेटवणे. समिधाही त्याच धातूची.

उत्तर (रामटेककडून)
काकाजी, ‘पुरवून’ला नागपूरचंच उदाहरण आहे. ‘सांडपाणी’ म्हणजे सांडलेलं, टाकून दिलेलं पाणी. भांडेवाडीला शहराचं हे पाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देतात. त्यासाठीच्या प्रकल्पाची क्षमता रोज १३ कोटी लिटरची आहे. तेवढं ताजं पाणी वाचतं. पेंच धरणाचं पाणी शहरही पितं आणि आमच्या धानाच्या बांध्याही त्यावरच, त्यामुळे ही बातमी आम्हाला शेतीची वाटते. वीज तिथे कोळशाचीच होते, म्हणून त्या विजेला मी हरित म्हणणार नाही. पाणी मात्र पुरवून वापरलं. न्हाणीचं पाणी केळीला सोडणाऱ्या घरात हे वेगळं समजवावं लागत नाही. खरं तर आता त्याला सांडपाणी म्हणू नये.

उत्तर (दारव्ह्याकडून)
पण सूर्य पुरवून कसा वापरणार? ऊन उद्यासाठी उरवता येत नाही. तिथे ‘अक्षय ऊर्जा’च बरोबर, कारण त्याचा क्षय नाही. आणि गावात कोणी ‘ऊर्जा’ म्हणत नाही, ‘वीज’सुद्धा कमीच; आम्ही ‘लाईन’ म्हणतो. २०१७ पासूनच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा अर्थ आमच्याकडे दोन शब्दांत आहे: दिवसाची लाईन. रातच्या लाईनवर हरभऱ्याला ओलित करताना विंचू-सापाच्या भीतीनं बॅटरी धरून उभं राहिलेल्याला यापुढे काही सांगायला नको.

विचारणा करणारा
पटलं. उगम अक्षय, वापर पुरवून. मुलीनं निबंधात असंच लिहिलं: “सूर्याची वीज अक्षय आहे, पण पाणी, कोळसा आणि जमीन पुरवून वापरावी लागते.” ‘शाश्वत’ फक्त मथळ्यात ठेवला, कारण मथळा बाईंनी दिलेला.

एक गाठ उरली. ‘पुरवून’चं विशेषण काय करायचं? ‘पुरवणी’ म्हटलं तर परीक्षेची जोडपानं डोळ्यांपुढे येतात. ‘पुरती’ म्हटलं तर ‘पुरती फजिती’. ‘पुरवती वीज’ कानाला कशी वाटते?