मदत हवी आहे: संत्र्यावर कायटोसान-नॅनो झिंकचा लेप, पांढरे पापुद्रे आणि आंबूस वास

काटोलनाका:
मंडळी, मृग बहाराची (पावसाळ्यात फुलून फेब्रुवारी-मार्चात निघणारी) संत्री नागपूरच्या कळमना बाजारात एकदम न पाठवता थोडी थांबवून विकायची आहेत. शीतगृह नाही, हवेशीर खोली आहे. लेप असा: पाण्यात 1 टक्का ॲसिटिक आम्ल, त्यात 2 टक्के कायटोसान (वाळल्यावर पातळ पापुद्रा धरणारी, कोळंबीच्या कवचापासून काढलेली पावडर), 1 टक्का ग्लिसरीन आणि वरून 0.05 टक्के झिंक ऑक्साइडची नॅनो पावडर. पावडर टाकल्यावर द्रव दुधासारखा झाला, तासाभरात पुन्हा नितळ; म्हणजे चांगली मिसळली असं धरलं. फळं दोन मिनिटं बुडवून जाळीवर वाळवली. आता देठाच्या विरुद्ध टोकाला पांढरे पापुद्रे सुटून राहिले आहेत, फळ हाताला चिकट लागतं आणि आठवड्याभरात रसाला दारूसारखा वास येतो. काही फळांवर हिरवी बुरशी आहेच. प्रमाण कुठं चुकतंय?

पातळथर:
आधी झिंकचं. द्रव नितळ झाला म्हणजे पावडर मिसळली नाही, विरघळली. झिंक ऑक्साइड आम्लात टिकत नाही, त्याचं झिंक ॲसिटेट होतं. तुमच्या लेपात आज एकही नॅनोकण नाही, नुसता झिंकचा क्षार आहे. झिंक घालणंच सोडा. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) 2011 च्या नियमांत ताज्या फळांवर मधमाशीचं मेण, कार्नोबा (एका ताडाच्या पानांचं मेण) आणि लाखेचं मेण चालतं, तेही लेबलवर नाव लिहून. विक्रीच्या मालावर कायटोसान लावण्याआधीही सध्याची परवानगी तपासा. तोवर घरच्या चाचणीपुरतंच ठेवा.

वास जाड थरामुळे. कायटोसानची कोरडी फिल्म ऑक्सिजन चांगली अडवते, पाण्याची वाफ मात्र फारशी अडवत नाही. थर जाड झाला की फळाचा श्वास कोंडतो, आत अल्कोहोल आणि ॲसिटाल्डिहाइड साचतं, आणि वजन तरीही घटतंच. मार्चात पारा 35 च्या वर गेला की श्वसन आणखी वाढतं. संत्रावर्गातली सैल सालीची फळं यात सगळ्यात नाजूक.

हिशोब करा. 130 ग्रॅमच्या संत्र्याची साल साधारण 130 चौरस सेंटिमीटर. 2 टक्क्यांचा द्रव घट्ट असतो. फळाला 2 ग्रॅम चिकटला तर वाळल्यावर ग्लिसरीनसकट 60 मिलीग्रॅम उरतं, म्हणजे साडेतीन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा थर. 1 टक्का कायटोसान आणि पाव टक्का ग्लिसरीनचा पातळ द्रव 1 ग्रॅमच चिकटला तर थर जेमतेम पाऊण मायक्रॉन. दहा फळं बुडवण्याआधी आणि निथळल्यावर तोला, खरा आकडा कळेल.

रसायनवाला:
10 लिटरसाठी असं करा. कायटोसान 100 ग्रॅम आधी साध्या पाण्यात ढवळून भिजवा आणि मग 50 मिली ग्लेशियल (पाणी न मिसळलेलं) ॲसिटिक आम्ल ओता. उलट केलं की गुठळ्या होतात: वरचा भाग फुगून जेल बनतो आणि आत कोरडी पावडर अडकते. रात्रभर ढवळा, मलमलीतून गाळा, फेस बसू द्या. ग्लिसरीन 25 ग्रॅम पुरे. चिकटपणा जास्त ग्लिसरीनचाच आहे. ट्वीन-80 (द्रव सालीवर पसरवणारं द्रव्य) 10 मिली घालाच, नाहीतर सालीच्या मेणावर द्रवाचे थेंब गोळा होतात आणि थर ठिगळासारखा बसतो. शेवटी पातळ कॉस्टिक सोडा थेंब थेंब टाकून पीएच 5 ते 5.5 वर आणा. 6.3 च्या पुढं गेलात की कायटोसान दह्यासारखं फाटतं.

बुडवणं अर्धा मिनिट. बाहेर काढल्यावर फळ हलवून खालच्या टोकाचा थेंब झटका आणि लगेच पंख्याखाली ठेवा. पापुद्रे त्या साचलेल्या थेंबाचेच आहेत: तिथं थर जाड, आणि पोकळ सालीचं फळ दाबलं की तडकतो.

काटोलनाका:
वजन घटू नये म्हणून कार्नोबाचं नॅनो इमल्शन (पाण्यात मेणाचे अतिसूक्ष्म थेंब) यातच मिसळलं तर? आणि बुरशीचं काय?

पातळथर:
मिसळू नका भाऊ. बाजारातलं कार्नोबा इमल्शन बहुधा अल्कधर्मी असतं, थेंबांवर ऋण प्रभार. कायटोसानवर धन. बादलीत पडताच फाटेल. वजन हीच मुख्य काळजी असेल तर सरळ नुसतं कार्नोबा वापरा, तेही पातळ. विक्रीच्या मालाला नियमातही तेच बसतं, आणि कोळंबीच्या कवचाचा प्रश्नही मिटतो. बाजारातलं बहुतेक कायटोसान तिथूनच येतं, शाकाहारी गिऱ्हाईक विचारणारच.

बहार:
हिरवी बुरशी पेनिसिलियमची, ती जखमेतून शिरते. ओढून तोडलेल्या फळाचा देठ सालीसकट उपटतो, तिथंच तिचं फावतं. कात्रीनं देठाचं बटण ठेवून तोडा. एकदा आत शिरल्यावर कोणताही लेप तिला मारत नाही, उलट झाकतो. बुडवण्याआधी 10 लिटर पाण्यात 4 टक्क्यांचं हायपोक्लोराइट 25 मिली टाकून धुवा, म्हणजे 100 पीपीएम (दहा लाखात 100 भाग) क्लोरीन. मग साध्या पाण्यानं खळबळून पूर्ण कोरडं करा. क्लोरीनचं पाणी ॲसिटिक आम्लाच्या बादलीत गेलं तर क्लोरीन वायू सुटतो, हे विसरू नका.

आणि प्रत्येक खेपेला बिनलेपाची फळं सोबत ठेवा. वजन घटीसोबत रस चाखा. वास आधी रसात येतो, सालीवर काहीच दिसत नाही.

काटोलनाका:
उरलेला द्रव दुसऱ्या दिवशी चालेल का?

रसायनवाला:
न वापरलेला, झाकून थंड ठेवलेला चालेल. ज्यात फळं बुडवली तो नाही. त्यात माती आणि बुरशीचे बीजाणू उतरलेले असतात. त्याच संध्याकाळी टाकून द्या. लहान घमेल्यात थोडा थोडा काढून वापरलात की वायाही कमी जाईल.